काळ्या दाण्याची भाकरी

एका राज्यात धान्याला तोटा नव्हता, आणि जेवायला कुणी धजत नव्हतं. हे असं कसं, ते आता सांगतो. मधे बोलू नका, ही कहाणी सांगताना माझाच जीव थाऱ्यावर नसतो.

त्या राज्याचा राजा हेमकंठ. लागोपाठ तीन वर्षं पिकं बुडाली, तेव्हा तो भस्मांग नावाच्या मांत्रिकाच्या पाया पडला. भस्मांगाने एक फुंकर घातली आणि डोंगराएवढं कोठार दाण्यांनी भरून दिलं. दाणा काळा कुळकुळीत, मोहरीहून जरासा मोठा, कितीही उपसा, सरायचा नाही. बदल्यात त्याने मागितलं काय? राजवाड्यातल्या जेवणावळीत पहिल्या पंगतीचं एक पान. एवढंच. राजाने शब्द दिला. पण जेवणावळीच्या दिवशी मांत्रिकाच्या अंगाची राख पाहून, जटांचा वास घेऊन राजाने नाक मुरडलं आणि त्याला शेवटच्या पंगतीला बसवलं. तिथवर वरण संपलं होतं आणि वाढपी कंटाळले होते. भस्मांग पानावरून उठला.

"राजा," तो म्हणाला, "कोठार तुझं. दाणा सरणार नाही. पण जो खाईल तो दगड होईल."

राजाने दवंडी पिटायला माणसं धाडली. पण धान्य सकाळीच घरोघर वाटून झालं होतं, आणि दवंडी गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दुपार झाली.

त्या टोकाला पोवळा राहत होती. नवरा तापाने गेलेला, घरात ती आणि तिची पाच वर्षांची पोर, ठकू. पोवळाच्या हाताला चव होती. नुसतं मीठ-पाणी फोडणीला टाकलं तरी शेजारणी वाटी घेऊन यायच्या. तीन वर्षांच्या उपासानंतर घरात दाणा आला, म्हणून तिने हौसेने भाकरी थापली, पहिला तुकडा फुंकून गार केला आणि लेकीला भरवला. ठकूने चावला, गिळला आणि बसल्या जागी दगड झाली.

पोवळाने केलेला आकांत मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही तो ऐकवायचा नाही. तिने त्या दगडाला ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, पदराने पुसलं, आणि मग उठून भस्मांगाच्या गुहेपाशी जाऊन उभी राहिली.

"माझी पोर सोडा," ती म्हणाली.

"माझा राग राजावर होता," भस्मांग म्हणाला. "तुझी पोर मधे आली. शाप दिला मी, पण आता तो माझं ऐकत नाही. त्याच्या तीन अटी आहेत."

"सांगा."

"पहिली. ह्याच दाण्याचं अन्न कर, की जे खाऊन कुणी दगड होणार नाही. दुसरी. ते अन्न पंधरा दिवस टिकलं पाहिजे, आणि लोकांनी ते आपखुशीने विकत घेतलं पाहिजे. फुकट दिलेलं भुकेला माणूस डोळे मिटून खातो. विकत घेणारा विश्वास टाकतो. तिसरी. तुला कधी न पाहिलेल्या तीन बायकांनी, तीन चुलींवर, तेच अन्न तसंच करावं. तुझी सावली पडली ती चूल बाद."

"आणि ठकू?"

"त्या तिघींपैकी एकीने तिला भरवायचं. तू नाही. ज्या हाताने भरवून दगड केला, त्या हाताने तो सुटत नाही."

पोवळाने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ती परत फिरली.

नदीकाठी एक टिटवी राहत होती. ती बोलायची, आणि बहुतेक वाईटच बोलायची. तिची चार पिल्लं सांडलेले दाणे टिपून खडे होऊन पडली होती. पोवळा दाणा धुवायला येऊन बसली, तसा टिटवीने तोंडाचा पट्टा सुरू केला.

"काय करतेस?"

"विष धुते."

"धुऊन जाईल?"

"माहीत नाही."

"मग कुणाला चारून बघणार?"

 पोवळाने शिजवून आणलेली चिमूटभर पेज दगडावर ठेवली. मुंग्यांची रांग आली, पेजेला लागली आणि जागच्या जागी तिचे खडे झाले. तिने ते सुपलीत भरून बाजूला ओतले. तिला वाईट वाटलं. मुंगी झाली तरी जीवच तो.

मग तिने नाना खटपटी केल्या. आज पाण्यात भिजव, उद्या ताकात. कधी भाजून दळ, कधी दळून भाज. चिंच घाल, मीठ घाल, सगळं एकदम घाल. मुंग्यांचे खडे होतच होते. एकदा अर्ध्या मुंग्या वाचल्या, तेव्हा ती आनंदाने रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, तर एकही वाचली नाही.

"काल काय घातलं होतंस?" टिटवीने विचारलं.

"आठवत नाही. हाताला येईल तसं घातलं."

"मग कर्माला कशाला दोष देतेस? एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि जे केलंस ते कुठंतरी खूण करून ठेव."

पोवळाला राग आला, पण म्हणणं पटलं. त्या दिवसापासून ती घराच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढू लागली. किती दिवस भिजवलं, किती वेळा पाणी बदललं, कशात, किती मुंग्या गेल्या. एक भिंत काळी झाली, मग दुसरी. दोन वर्षं गेली, तीन गेली. लोक म्हणू लागले, बाई कामातून गेली. तिसऱ्या भिंतीच्या कोपऱ्यात पोचली तेव्हा तिला कळलं, की विष नुसत्या पाण्याने निघत नाही, चुलीच्या राखेच्या पाण्याने निघतं. तीन दिवस राखेच्या पाण्यात, एक दिवस ताकात, मग वाळवून दळायचं. मुंग्या पेज खाऊन चालत्या झाल्या. तिने भाकरी केली, स्वतः खाल्ली आणि ठकूच्या दगडाशेजारी संध्याकाळपर्यंत बसून राहिली. ती माणूसच राहिली.

पहिली अट झाली.

पण भाकरी तिसऱ्या दिवशी बुरसायची. मग पुन्हा भिंत आणि पुन्हा कोळसा. भाकरी पातळ थापली, तव्यावरून उतरवून निखाऱ्याच्या धगीला उभी केली, पार वाळून खडखडीत होईपर्यंत. अशी भाकरी पंधराच काय, वीस दिवस राहिली. हाताने मोडली की कडकन आवाज यायचा, आणि खमंग अशी की बाजूच्या गल्लीत वास जायचा.

ती पाटी घेऊन बाजारात बसली. आता सांगा, जिची स्वतःची पोर घरात दगड होऊन बसली आहे, तिच्याकडून खाण्याची वस्तू कोण घेईल? बायका लांबून वळसा घालून जायच्या. तिने सगळ्यांदेखत स्वतः खाऊन दाखवलं. "हिला काय," कुणीतरी म्हणालं, "दगड झाली तर सुटेलच." ते तिच्या काळजात रुतलं, कारण खोटं नव्हतं. ती दोन वर्षं रोज पाटी घेऊन यायची आणि रोज भरली पाटी घेऊन परत जायची.

शेवटी म्हादबा कोष्टी आला. म्हातारा, एकटा, कंदमुळं खाऊन हाडांचा सापळा झालेला.

"एक दे," त्याने कवडी पुढे केली.

"बाबा, भीती नाही वाटत?"

"वाटते. पण तू एवढी वर्षं राख कालवतेस, ती मी रोज बघतो. असं लबाड माणूस करत नाही."

त्याने तिथेच बसून भाकरी खाल्ली. सगळा बाजार त्याच्याभोवती कोंडाळं करून उभा राहिला. कुणी त्याच्या पायाला हात लावून बघे, कुणी कोपराला. उन्हं कलली. म्हादबा उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "बघताय काय? सरका. मला अजून एक घेऊ द्या."

त्या दिवशी पाटी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी चार पाट्या. दुसरी अट झाली.

आता राहिली तिसरी. पोवळाला घाई झाली होती, हेच नडलं. तिने सगळी कृती टिटवीला शिकवली. टिटवीला पाठांतर उत्तम, एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. नदीच्या वरच्या अंगाला नावाड्यांची वस्ती होती. तिथल्या येसू नावाच्या तरण्या नावाडणीला टिटवीने जसंच्या तसं सांगितलं. मापटंभर दाणा, एक मूठ राख, तीन दिवस.

"आधी मुंग्यांना घालून बघू का?" येसूने विचारलं.

टिटवीने निरोप आणला. पोवळा म्हणाली, "आता मुंग्यांचं काय काम? पाच वर्षं काढली मी त्यात. सांग, करून खा."

येसूने केली आणि विश्वासाने खाल्ली. दगड झाली.

टिटवी परत आली तेव्हा नेहमीची कटकट न करता नुसती काठावर बसली. पोवळाला न सांगता समजलं. ती भिंतीपाशी गेली आणि सगळ्या रेघा पुन्हा पुन्हा वाचल्या. कुठेही चूक नव्हती. ती भस्मांगाकडे गेली.

"माझं काय चुकलं?"

"येसूचा हात पाहिला होतास?" भस्मांग म्हणाला.

"नाही. तुमचीच अट."

"नाजूक होती पोर. तिची मूठ तुझ्या मुठीच्या निम्मी."

पोवळाने आपली मूठ उघडून पाहिली. जन्मभर तिने मुठीने आणि चिमटीने रांधलं होतं. त्याच हाताचं गावाने कौतुक केलं होतं. आणि त्या हाताबाहेर काही जग आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एक पोर त्या हाताने घालवली, आता दुसऱ्याची सून. दोन महिने तिने चूल पेटवली नाही.

मग एके दिवशी उठली आणि बांबूच्या कांड्या कापल्या. एक राखेची, एक ताकाची, एक पाण्याची. काठोकाठ भरायची आणि वर सुरी फिरवायची, म्हणजे कमी नाही, जास्त नाही. आपली मूठ तिने त्या कांडीत रिकामी केली आणि पुन्हा कधी मुठीने काही घातलं नाही. मापं कसून पाहण्यात, नव्या मुंग्या घालण्यात आणखी काही वर्षं गेली. "ह्यापुढे मुंग्या आधी," तिने टिटवीला बजावलं, "मग माणूस."

पण आता करणार कोण? टिटवी गावोगाव फिरली, तिला दगड मारून हाकललं. अखेर नावाड्यांच्या वस्तीवर एक बाई पुढे आली. गोजरा तिचं नाव. येसूची जाऊ.

"ती मापं इकडे टाक," ती टिटवीला म्हणाली. "माझी जाऊ त्या बाईच्या मुठीने गेली. ती परत आली तर ह्याच भाकरीने येईल, दुसरं काय आहे माझ्याकडे? पण त्या बाईला सांग, तिला मी माफ केलेलं नाही."

टिटवीने हेही जसंच्या तसं सांगितलं.

गोजराने केली. मुंग्या खाऊन चालत्या झाल्या. मग तिने डोळे घट्ट मिटून पहिला घास घेतला आणि उघडले तेव्हा ती गोजराच होती. तिला पाहून एक कुंभारीण तयार झाली, मग एक धनगरीण. तिसऱ्या चुलीवरची भाकरी कडकन मोडली, त्या क्षणी कोठारातला काळा दाणा पांढरा झाला, शेतांत हिरवं फुटलं आणि भस्मांगाच्या अंगावरची राख गळून पडली.

राजाचं आधी सांगून टाकतो. त्याने भस्मांगाला पहिल्या पंगतीला बसवून स्वतः वाढलं. भस्मांग पोटभर जेवला आणि राज्याबाहेर निघून गेला. गोजराने येसूच्या ओठात तुकडा ठेवला, येसू हलली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. टिटवीची पिल्लं भाकरीचा चुरा चोचीत पडताच तिच्या पंखाखाली धावली. गावोगाव दगड झालेली माणसं तीच भाकरी भरवताच उठली, घरांत दिवे लागले, बाजारात भाकरीची दुकानं निघाली. सगळं जागच्या जागी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरा पोवळाच्या दारात आली. तिने पोवळाकडे पाहिलंही नाही. गोजरा ठकूच्या दगडापुढे बसली आणि भाकरीचा तुकडा तिच्या ओठांत सरकवला. आधी गाल मऊ झाले, मग मान. ठकूने गिळलं, डोळे चोळले आणि दुसरा तुकडा मागितला.

पोवळा भिंतीला टेकून उभी होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, धुराने आवाज बसलेला. अकरा वर्षं तिच्यावरून गेली होती, आणि पोर अजून पाचच वर्षांची होती.

ठकूने दुसरा तुकडा चावला. तिचं तोंड उजळलं.

"ही आईच्या हातची आहे," ती म्हणाली. मग तिने गोजराकडे पाहिलं, पोवळाकडे पाहिलं. "आई कुठंय?"

"ठकू, मी," पोवळा म्हणाली. "मीच तुझी आई."

"तू नाहीस. तू आजी आहेस."

गोजराने तोंड फिरवलं. नंतर ती पोवळाशेजारी जाऊन बसली आणि दिवस मावळेपर्यंत उठली नाही.

आज त्या राज्यात दोनशे चुलींवर ती भाकरी होते, आणि एकीचीही चव दुसरीहून निराळी लागत नाही. ठकू बाजाराला जाते, प्रत्येक दुकानात एक तुकडा खाते आणि दुकानदारणीला विचारते, तू माझी आई का? त्या बायका चुलीकडे बघत म्हणतात, नाही. मग ती म्हातारीचं बोट धरून घरी येते. पोवळा रोज तिला जवळ घेऊन सांगते, मीच तुझी आई. पोर निमूटपणे ऐकून घेते.