जिंकल्यावरची पंगत

"मैदान गहाण पडलंय म्हणे, आणि जत्रा झाली की पाटील रातोरात…"

फार फार जुन्या काळी, एका डोंगराळ गावाच्या पाणवठ्यावर चाललेलं हे बोलणं पाटलांना पाहताच मध्येच तुटलं. बायका खाली माना घालून घागरी घासू लागल्या. पाटील तसेच पुढे गेले.

त्या गावाला पायचेंडूचं भारी वेड. जत्रेतल्या सामन्यात मात्र दरवर्षी हार ठरलेली. म्हणून पाटलांनी कुणाला न विचारता गावाचं मैदान सावकाराकडे गहाण टाकलं आणि त्या पैशांत लांबच्या मुलखातला एक नामी खेळाडू आणला. जिंकणाऱ्या गावाला राजा इनाम देई; ते मिळालं की मैदान सोडवायचं, असा बेत.

पाटलीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला.

"अहो, जिंकणाऱ्या गावानं साऱ्या जत्रेला जेवू घालायचं असतं. ते धरलंत का?"

"धरलंय की. दरवर्षीएवढीच पानं होतील. उरेल त्यात मैदान सुटतं."

"दरवर्षी आपण दुसऱ्याच्या पंगतीला बसतो. पानं मोजायला कधी गेला होतात?"

जत्रेचा दिवस उजाडला. बघतात तो काय, खिंडीतून येणारी माणसांची रांग संपेना. पाटलांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, यंदा एवढी गर्दी कशी?"

"तुमचा तो पाहुणा खेळाडू बघायचाय. तोच जिंकणार म्हणतात. म्हणजे जेवणही तुमच्याकडेच की."

पाटलांनी मनात हिशेब मांडला. हरलं तर इनाम नाही, आणि जिंकलं तर इनाम पंगतीत जाणार. मैदान दोन्हीकडून जाणार.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत होता. सारं गाव ओरडत होतं, एकटे पाटील खिंडीकडे बघत होते. अखेर पाहुण्यानं चेंडू दोन खांबांमधून असा काही धाडला, की जत्रा नाचू लागली. लोकांनी पाटलांना खांद्यावर उचललं. वर बसून ते पानं मोजत होते.

पंगतींवर पंगती उठल्या. इनाम भाताबरोबर संपलं. खेळाडूला दुसऱ्या गावाचं बोलावणं आलं, तो गेला. सावकारानं मैदानात जोंधळा पेरला.

आता पाटील पळणार, म्हणून पाणवठा वाट बघत राहिला. पण पाटील डोंगरउतारावर कुदळ घेऊन दगड उपटत होते. पोरांना खेळायला जागा हवी होती ना!

एक बाई घागर खाली ठेवून म्हणाली, "पाटील, आमचं निम्मंच खरं निघालं हो."

"निम्मं पुरे झालं, वहिनी," पाटील म्हणाले. "तो धोंडा जरा धरा."

तात्पर्य : हाती न आलेल्या इनामाच्या भरवशावर साऱ्या गावाची ठेव गहाण टाकू नये.