लाल बादलीचा आवाज

फार पूर्वी एका गावाबाहेर नाटकाचा कापडी तंबू जळाला. आतली कितीतरी माणसं बाहेर पडूच शकली नाहीत. उरलेलं सामान मालकाने टेम्पोत भरलं आणि वाटेत ते सामान बोलू लागलं.

"मी तापले होते, पण इतके दिवे माझ्यावर जोडले कुणी?" वायर म्हणाली.

"फुकटे घुसू नयेत म्हणून मला मागच्या दाराला लावलं होतं," कुलूप म्हणालं. "मी माझं काम केलं. बादलीबाई, आग विझवायला तुझ्यात वाळू होती का?"

"नव्हती," लाल बादली म्हणाली. "ते मला ठाऊक होतं, तरी मी गप्प लटकले."

त्यानंतर वाटभर तिच्याशी कुणी बोललं नाही.

पुढच्या गावात तंबू उभा राहिला. पोरं पुढे जागा धरून बसली. बादली पुन्हा रिकामीच टांगली गेली. वारा सुटला तशी ती खांबावर आपटू लागली.

"गप्प बस, नाहीतर भंगारात जाशील," वायर कुजबुजली.

बादली आपटतच राहिली. शेवटी रंगमंचावरचा नट बोलायचा थांबला.

"अरे, ती बादली वाजतेय. वाळू भरा तिच्यात," मालक खेकसला.

वाळू पडली तशी बादली जड झाली, शांत झाली. मग पोरांच्या डोक्यांवरून ती एकटीच मागच्या दाराच्या कुलपाकडे बघत राहिली.