काठावरचा

एकदा एका नदीकाठच्या गावात एक माणूस पुरात बुडून मेला. त्याला मूलबाळ नव्हते. दहाव्याला पिंड कोणी द्यायचा असा प्रश्न आला, तेव्हा गावातल्या वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्याला पुढे व्हायला सांगितले.

शिष्य चपापला. तो ना भाऊबंद, ना सोयरा. मृताचा बालमित्र एवढेच. दोघे आठ वर्षांचे असताना त्या मित्राच्या डोळ्यांदेखत त्याची धाकटी बहीण नदीत वाहून गेली होती. पोहता येत नसल्याने तो काठावर ओरडत उभा राहिला. महिन्याभराने खेळताना दोघांचे भांडण झाले आणि शिष्याने त्याला 'काठावरचा' म्हटले. पोरे हसली. झाले, तेच नाव पडले. एकदा असे नाव हाती लागले की हे गाव ते सोडत नसे. एवढी चिकाटी देवाच्या कामात दाखवली असती, तर देवळाला सोन्याचा कळस चढला असता. लग्नाच्या अक्षता देतानाही लोक 'काठावरच्याला सांगा' असेच म्हणत, आणि तो मुकाट्याने लग्नाला येई.

घाटावर भटजींनी मृताचे नाव विचारले. शिष्याला ते आठवेना. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. कोणीतरी 'काठावरचा' असे पुटपुटले आणि स्वतःच ओशाळले. कोणतेही नाव घेतले तरी चालेल, असे म्हणून भटजी पुढे सरकणार, तोच आचार्यांनी पिंडावर हात आडवा धरला.

"त्याच्या घरी जा आणि विचारून ये," ते शिष्याला म्हणाले. "तूच जा."

घरात त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, या रीतीने तिने जन्म काढला होता.

"तुळशीराम," ती अखेर म्हणाली. "लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. सासूबाई होत्या तोवर त्या हाक मारायच्या. पुढं कुणीच नाही."

मग तिने त्या दिवसाचे सांगितले. पुरात एक शेळी वाहत चालली होती. अरे काठावरच्या, आजही नुसता बघत राहणार काय, असे लोक गमतीने ओरडले. साठीच्या त्या माणसाला तेव्हाही पोहता येत नव्हते. त्याने उडी टाकली.

"शेळी खालच्या वळणावर आपसूक काठाला लागली," ती म्हणाली.

शिष्य त्या दिवशी तिथेच होता. तोही हसला होता.

घाटावर परतून त्याने आचार्यांचे पाय धरले आणि आपण तेव्हा लहान होतो, असे कसेबसे म्हटले.

"आठ वर्षांचं पोर काहीही बोलतं, त्याचा दोष मी धरत नाही," आचार्य म्हणाले. "पण तू मोठा झालास, शास्त्र शिकलास, तुझे केस पिकले, तरी हाक तीच मारत राहिलास. नदीनं त्याची बहीण एकदा नेली. तुम्ही ती रोज त्याच्यासमोर बुडवलीत."

शिष्याने प्रायश्चित्त विचारले.

"ते त्याच्यापाशी होतं," आचार्य म्हणाले, आणि त्यांनी पिंडावरचा हात काढून घेतला.

शिष्याने पिंड उचलला आणि मोठ्याने तुळशीरामचे नाव घेतले. कित्येक वर्षांनी ते नाव चारचौघांत उच्चारले गेले, आणि ओ द्यायला तो उरला नव्हता.