नस शाबूत, हात लुळा

“मग हिची नस तुटलीय तरी कुठे? दाखवा ना मला!”

डॉ. सौरभ माळवदेने रिपोर्ट टेबलावर आपटले. मेंदूचा फोटो स्वच्छ. नसांची तपासणी स्वच्छ.

“सोंग आहे, मॅडम. सकाळी धडधाकट, दुपारी लुळी. असा आजार असतो होय?”

स्टुलावर बसलेली नरसव्वा उसळली. सोलापुरातली विडी कामगार ती.

“सोंग? सकाळी दोनशे विड्या वळते. मग बोटंच ऐकत न्हाईत. दोन वर्सं मुकादम तेच म्हणतोय, नवरा तेच म्हणतोय. आता तुम्ही बी म्हणा!”

रेवडीकर मॅडम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. वय चौऱ्याहत्तर. सौरभला डॉक्टरकी त्यांनीच शिकवली होती.

“नरसव्वा, छताकडे बघत राहा.”

मिनिटभरात दोन्ही पापण्या खाली घसरल्या. तिने कपाळ ताणलं, तरी उचलेनात.

“हे करता येतं कुणालाही,” सौरभ म्हणाला.

मॅडमनी बर्फ मागवला. रुमालात गुंडाळून तिच्या डाव्या डोळ्यावर धरला.

दोन मिनिटं...

रुमाल काढला. डावा डोळा टक्क उघडा. उजवा तसाच मिटलेला.

“आता याचं सोंग करून दाखव.”

सौरभने टेबलावरचे रिपोर्ट पुन्हा उचलले.

“नस स्नायूला चिकटलेली नसते, हे विसरलास? मध्ये फट असते. दोन नसांमध्येही असते. नसेच्या टोकाशी रसायन सुटतं, फट ओलांडतं, पलीकडच्या दारांतून निरोप देतं. हिच्या शरीरानं त्यातली बरीच दारं स्वतःच मोडलीत. उरलेली थोडा वेळ पुरतात. थंडीत रसायन फटीत जास्त टिकतं, म्हणून बर्फानं डोळा उघडला.” त्यांचा आवाज संतापानं कापत होता. “गोळी आहे यावर. दोन वर्षं हिला ती कुणी दिली नाही!”

सौरभ वाकला. “मावशी, चुकलं माझं.”

“मला नका सांगू. मुकादमाला सांगा. समद्या बायांसमोर.”

“...येतो. उद्याच येतो.”

ती गेल्यावर त्याने रिपोर्ट फाईलीत कोंबले. मग चिडूनच म्हणाला, “पण ही फट हवीच कशाला होती, मॅडम? नस थेट जोडलेली असती, तर निरोप अडलाच नसता!”

मॅडमनी चष्मा पुसला.

“फट आहे, म्हणून औषधाला शिरायला जागा मिळते. तुझ्या खात्रीत तेवढीही नव्हती.”