पहिल्या दारातली दवंडी

यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव, मग मी तुला मानीन.

एकदा एका गावात एक म्हातारा दवंडीवाला होता. हाताखाली एक चेला, चांगला दोन लेकरांचा बाप. गावाची रीत अशी की दवंडी ज्याच्याबद्दल असेल, ती आधी त्याच्या दारात द्यायची, मग गावात.

ऐन उन्हाळ्यात सरपंचानं दोन दवंड्या सांगितल्या. पहिली ठकूबाईवर. तिनं भर चावडीत त्याला शिव्या घातल्या होत्या, पाण्याच्या टाकीचं सिमेंट खाल्लं म्हणून. (ते पचलं कसं, मला विचारू नकोस.) सरपंच म्हणे, ही हेट स्पीच आहे, म्हणजे द्वेषाचं बोलणं, तिनं तोंड बंद ठेवावं. दुसरी दवंडी अशी की ओढ्यापलीकडचे लोक जन्माचेच घाणेरडे, रोगराई आणतात, त्यांना विहिरीवर चढू देऊ नका.

म्हाताऱ्यानं पहिली कानाआड केली. दुसरीसाठी चेल्याला ओढ्यापलीकडं नेलं आणि त्याच्या गळ्यातली हलगी काढून घेतली.

"पहिल्या दारात जा. दारात जे कुणी असेल त्याच्या तोंडाकडं बघून सांग."

दारातली बाई रिकामी घागर घेऊन विहिरीकडंच निघाली होती. "काय दादा?" म्हणाली. चेल्यानं दोनदा तोंड उघडलं. तसाच माघारी फिरला.

म्हातारा म्हणाला, "ठकू कडू बोलली, पण एका माणसाला, त्याच्या करणीवरून. त्यानं टाकी बांधावी, ती गप्प बसेल. या बाईनं काय करावं? तिनं केलंच नाही काही. कुठं जन्मली एवढ्यावरून अख्ख्या वस्तीला घाण म्हणायचं, आणि मग पाणी तोडायला लावायचं, हे द्वेषाचं बोलणं. सरपंचाला या बोलण्याचं नाव ठाऊक आहे, लेका. चिकटवलं भलतीला."

दवंडी काही झाली नाही. मग सरपंचानं रिक्षावर भोंगा बांधला आणि तेच गावभर फिरवलं. भोंगा कुणाच्या दारात थांबत नाही.

आठ दिवसांत विहिरीवर ओढ्यापलीकडच्यांना दगड पडले. महिन्यात ओढ्यापलीकडं कुलपं लागली. चेला त्या पहिल्या दारात गेला, तर उंबऱ्याशी घागर पालथी. त्यानं शेजारी हलगी पालथी ठेवली आणि बसून राहिला.

नाही ना पटलं? बरं. परवा आपल्या गल्लीतनं भोंगा गेला, तेव्हा तू मान डोलवत होतास. मी बघितलं.

ऊठ, जा आता.