जवसाच्या चटणीतला शेंगदाणा

एकदा एका चटणीच्या व्यापाऱ्याने पाकिटांवर घटकांची यादी छापण्याचे काम संगणकाच्या हवाली केले. मल्लाप्पा शेटे त्यांचे नाव, गाव कराड. वैजयंती नावाच्या हुशार मुलीने ते काम घेतले. तिने स्वतः एक छोटीशी लायब्ररी, म्हणजे कोणत्याही प्रोग्राममध्ये वापरता येईल असा तयार कोड, लिहिली होती, जेमतेम वीस ओळींची. त्या लायब्ररीच्या हाती कोणतीही नोंद द्यावी, नोंदीतला प्रत्येक गुणधर्म, इथे चटणीतला प्रत्येक घटक, ती एकेक करून पुढे ठेवी. वैजयंतीला तिचे केवढे कौतुक! येईल त्याला ती दाखवायची.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. जवसाच्या चटणीच्या पाकिटावर 'शेंगदाणे' छापून आले.

"अहो ताई, माझ्या जवसाच्या चटणीत शेंगदाणा कुठनं आला?" मल्लाप्पा कळवळले. "दोनशे पाकिटं वसतिगृहाला जायचीत. तिथल्या काही पोरांना शेंगदाणा सोसत नाही. यादीत तो दिसला की पाकिटं दारातनंच परत! सहाला टेंपो सुटतोय. जमत नसलं तर सांगा, मी दुसरा माणूस बघतो."

वैजयंतीने वीसच्या वीस ओळी तपासल्या. चूक सापडेना. शेवटी रडकुंडीला येऊन ती लॅपटॉपसह आपल्या वृद्ध गुरूंकडे धावली. दिगंबरपंतांनी आयुष्यभर प्रोग्रामिंग शिकवले होते.

"सर, 'शेंगदाणे' हा शब्दच गाळायला सांगू का यंत्राला?"

"सांग की! मग शेंगदाण्याच्या चटणीवर काय छापशील, नुसतं मीठ?"

पंतांनी चष्मा लावून नोंदी पाहिल्या, लायब्ररी पाहिली आणि म्हणाले, "काल आमच्याकडे पूजा होती. पन्नास पानं उठली. आत भांडी घासून ठेवली आहेत. त्यातली माझी तेवढी फळीवर लाव बघू."

"सर, चार वाजलेत!"

"म्हणून तर म्हणतो, चटकन लाव."

आता गुरूंपुढे काय बोलणार? मनातल्या मनात चरफडत तिने पराती, पातेली, झारे, दिसेल ते उचलले आणि दहा मिनिटांत फळी भरून टाकली. इतक्यात शेजारच्या मालनकाकू दारात आल्या.

"पंत, आमचं मोठं पातेलं न्यायला आले." बोलता बोलता त्यांची नजर फळीवर गेली. "अगं बाई! हे तर तुमच्या फळीवर जाऊन बसलंय की! आणि ती परात खालच्या मजल्यावरच्यांची!"

पंत खो खो हसले. पातेले उतरवून त्यांनी त्याचा काठ वैजयंतीपुढे धरला. काठावर बारीक ठिपक्यांनी मालनकाकूंचे नाव घातलेले होते.

"वैजू, स्वयंपाकघरात जे हाताला लागलं, ते तू माझं धरलंस. कार्याला शेजारची भांडी आणतात. ती खुशाल वापरावीत. पण फळीवर लावताना काठावरचं नाव वाचावं लागतं. तुझ्या लायब्ररीचं तेच झालंय. शेट्यांची पहिली चटणी शेंगदाण्याची. बाकीच्या चटण्यांच्या नोंदी तू तिच्याच नमुन्यावर उभ्या केल्यास. म्हणून जवसाच्या नोंदीत हात घातला, की तिच्यामागच्या नमुन्यातला शेंगदाणाही हाताला लागतो. तुझी लायब्ररी प्रत्येक गुणधर्माला उचलते, पण 'तू इथलाच का?' असं एकालाही विचारत नाही."

वैजयंतीने त्या ठिपक्यांवरून बोट फिरवले आणि कपाळावर हात मारून घेतला. "अय्या, एवढंच?"

"एवढंच. पण ते उचलण्याआधी विचारायचं."

तिने तिथेच बसून लायब्ररीत एक ओळ वाढवली. गुणधर्म त्या नोंदीत स्वतः लिहिलेला असेल, तरच तो पुढे जाईल. मग एकेका चटणीची यादी तिने दोनदा ताडून पाहिली. पाऊण तासात नवी पाकिटे छापून आली: जवस, लसूण, तिखट, मीठ. शेंगदाण्याच्या पाकिटावर शेंगदाणे जागच्या जागी होते.

टेंपोत शेवटचे खोके चढले, तेव्हा मल्लाप्पांचा चेहरा फुलला होता. "मानलं बुवा ताई तुम्हाला! काय डोकं चालवलंत!"

'हो ना' हे शब्द वैजयंतीच्या अगदी ओठांवर आले होते. ती थांबली. मग हसून म्हणाली, "काका, ओळ माझी आहे. डोकं मात्र आमच्या सरांचं."