शिलासन

"पण बुवा, गादी माझीच ना?"

"आधी चढ."

वेल्समधल्या एका जुन्या किल्ल्याचा गोल गोल जिना. पुढे शिष्य चिदंबर, मागे सोनवडीच्या मठाचे आत्मारामबुवा, त्यांच्यामागे यजमान मेढेकर. तिथल्या मराठी मंडळानं बुवांना कीर्तनाला बोलावलं होतं. परत गेल्यावर बुवा आपला वारस जाहीर करणार होते, आणि चिदंबरला विमानात बसल्यापासून दम नव्हता. पोथ्या तोंडपाठ, आवाज खणखणीत. ऐट तर काय विचारू नका!

वर, भिंतीच्या जाडीत एक अरुंद खोली होती. आत दगडी बैठक, तिच्या मधोमध एक गोल भोक. समोरच्या फटीतून समुद्र दिसत होता.

चिदंबर थबकला.

"बुवा… हे ध्यानाचं आसन!"

बुवांनी वाकून भोकात डोकावलं.

चिदंबरनं बूट काढले, पद्मासन घातलं, डोळे मिटले.

"अहाहा! इथं कुणीतरी फार थोर साधक बसत असणार. आणि हे भोक पाहिलंत? कुंडलिनीला मोकळी वाट ठेवलीय. खालून कसा गार झोत येतोय… थेट मूलाधाराला!"

बुवांना खोकला आला.

मेढेकर भाबडे. त्यांनी बूट काढले, वाकून नमस्कार केला आणि पिशवीतलं सफरचंद चिदंबरच्या मांडीपाशी ठेवलं. ते घरंगळलं आणि भोकातून खाली गेलं. बऱ्याच वेळानं, खूप खोलवर, 'थप्' असा आवाज आला.

"पाताळानं नैवेद्य स्वीकारला," चिदंबर डोळे न उघडता म्हणाला.

तेवढ्यात किल्ला दाखवणारी बाई माणसांचा घोळका घेऊन दारात आली. पद्मासनातल्या चिदंबरला पाहून तिनं तोंडावर हात धरला. मग घोळक्याकडे वळून इंग्रजीत भराभरा काहीतरी सांगितलं. घोळका खो खो हसला. एकानं फोटो काढला.

"काय म्हणाली हो?" बुवांनी विचारलं.

मेढेकर घाईघाईनं बूट चढवू लागले.

"म्हणजे… इथले सरदार सकाळी… तो संडास आहे, बुवा."

चिदंबर ताडकन उठला. बूट हातात घेऊन जिना उतरला तो थेट खालच्या हिरवळीवर थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बुवा सावकाश उतरून शेजारी बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"भोक बघितल्याबरोबर."

"मग अडवलं का नाहीत मला?"

"अरे, आसनावर बसलेल्याला कोण अडवतं? मलाही कुणी अडवलं नव्हतं."

चिदंबर बराच वेळ गवत उपटत राहिला…

"आता गादी काही मला मिळत नाही."

"मिळाली की! तुझीच." बुवांनी त्याचे बूट त्याच्यापुढे सरकवले. "फक्त रोज बसायच्या आधी एकदा वाकून खाली बघत जा. मी बघतो."